‘वय झालं’ हे दुखण्याचं नाव नव्हे

पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलं आहे. लिहिणारीने खाली ‘एक सून, तुमच्या मुलीसारखी’ एवढीच सही केली आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

“माझे सासरे ७१ वर्षांचे. मराठी शाळेत शिक्षक होते. मधुमेह आणि रक्तदाब आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांचं पोट बिघडलं. आधी दिवसातून चार-पाच वेळा जायचे, मग सात-आठ वेळा. रक्त आणि आव पडायला लागली. कुणी म्हणालं मूळव्याध, कुणी म्हणालं आमांश. मलम झालं, अमीबाच्या गोळ्या झाल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, कुड्याच्या सालीचा काढा झाला. सहा महिन्यांत वजन ६४ वरून ५५ किलोवर आलं. शेवटी दिरांनी हट्ट धरला म्हणून दुर्बिणीने तपासणी झाली आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असं निदान आलं. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात आहे म्हणतात. तीन आठवडे झाले, स्टेरॉइड आणि मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत. रात्री घ्यायचा एनिमाही दिलाय, तो त्यांनी एकदाही घेतलेला नाही. आता रक्त थांबलंय, तर म्हणतात गोळ्याही बंद करतो. शेजारी म्हणतात, हा तरुणांचा आजार, सत्तरीत कसा होईल, कॅन्सर असेल आणि तुम्हाला सांगत नसतील. सासूबाई म्हणतात, सुनेच्या हातच्या तिखटानं झालं. बाबा स्वतः म्हणतात, तीन वर्षांपूर्वी विडी सोडली तिथून बिघडलं. ते भजनात पखवाज वाजवायचे. आता जाणं बंद. पखवाज खोळीत घालून माळ्यावर ठेवून दिलाय. मी काही विचारायला गेले की मान फिरवतात. काल म्हणाले, या वयात आता कशाला हे सगळं. काय करू?”

बाय, तू मला मुलीसारखी म्हणालीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

आधी तिखटाचं सांगते, कारण सहा महिने ते ओझं तू एकटी वाहते आहेस. हा आजार तुझ्या हातच्या जेवणाने झालेला नाही. शरीराची जी संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढायची, ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते, तिथे सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते. जन्मतः आलेली प्रवृत्ती, आतड्यातल्या जीवाणूंचं बिघडलेलं गणित आणि आयुष्यभरात शरीराला सोसाव्या लागलेल्या कित्येक गोष्टी मिळून हे घडतं. मिरचीने आजार जडत नाही. आजार जोरात असताना मिरचीने त्रास वाढू शकतो, तेवढंच. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला सांगू दे. पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत ने आणि डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू दे.

आता शेजाऱ्यांच्या शंकेचं. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि त्याचा भाऊबंद क्रोन्स हे आजार बहुतेकांना विशी-तिशीत धरतात हे खरं आहे. पण साठीनंतर पहिल्यांदा सुरू होणारेही असतात. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी सांगतात की दर १०० नव्या रुग्णांमागे साधारण १० ते १५ जण साठी ओलांडलेले असतात. डॉक्टर त्याला वेगळा गट मानतात, कारण उतारवयात त्याची चाल थोडी वेगळी असते. घराण्यात कुणाला असल्याचं फारसं सापडत नाही. मोठ्या आतड्याचा डावा भाग धरलेला असणं नेहमीचं. पुढे तो इतरत्र पसरण्याचं प्रमाणही तरुणांपेक्षा कमी. म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं चित्र विचित्र काही नाही, पुस्तकात असतं तसंच आहे.

मग सहा महिने का गेले? याचं उत्तर मला फार जवळून माहीत आहे. मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची अकरा एंडोस्कोपीच्या खोलीत. माझ्या थोरल्या भावाला ६८ व्या वर्षी हेच झालं. त्याने फोनवर सांगितलं, “शौचातून रक्त पडतंय गं.” आणि मी, जिने शेकडो आतडी पडद्यावर पाहिली होती, म्हणाले, “मूळव्याध असेल रे दादा, या वयात होतं.” आठवड्यातून एकदा तो फोन करायचा आणि मी दर वेळी तेच सांगायची. सात महिन्यांनी त्याला अंगात जेमतेम रक्त उरलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणला. तो वाचला. पण ‘या वयात होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून त्यानंतर कधी निघालं नाही. म्हातारपणी पोट बिघडायचंच, असं आपण धरून चालतो. रक्त पडलं तर मूळव्याध, जुलाब झाले तर काहीतरी बाधलं असेल, वजन उतरलं तर वय झालं. तीन वेगवेगळ्या कारणांत तीन खुणा वाटून टाकल्या की आजार कुणालाच दिसत नाही.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. सत्तरीतल्या माणसाच्या आतड्यातून रक्त पडण्याची कारणं खरोखरच पुष्कळ असतात: आतड्याला रक्तपुरवठा कमी पडणं, आतड्याच्या भिंतीला फुगे येणं, सांधेदुखीच्या गोळ्यांनी पडलेल्या जखमा, अमीबा, आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग, आणि हो, कॅन्सर. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने नुसते जुलाब होतात ते वेगळंच. म्हणून तर दुर्बीण घालून बऱ्याच जागचे बारीक तुकडे काढून तपासतात. तो बायोप्सीचा कागद घरात असेल, तो घेऊन जा आणि डॉक्टरांना थेट विचार, “कॅन्सरच्या पेशी दिसल्या का?” उत्तर सगळ्यांसमोर ऐका. कुजबुज थांबवायला दुसरा उपाय नाही. हा आजार बरीच वर्षं राहिला तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे मी लपवत नाही. म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण घालून बघतात. त्या वेळी बाबांची तब्येत पाहून डॉक्टर ठरवतील. आज त्याची भीती डोक्यात घ्यायचं कारण नाही.

विडीच्या बाबतीत मात्र बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. ऐकून तुला नवल वाटेल. धूम्रपान सोडलेल्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस जास्त दिसतो, हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. त्यांनी स्वतःच्या शरीराकडे नीट पाहिलं, हे त्यांना मोकळ्या मनाने सांग. मास्तर माणूस आहे, आपलं निरीक्षण कुणी मान्य केलं तर पुढचं ऐकेल. आणि पुढचं हे की विडी पुन्हा धरायची नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या हृदयाची आणि फुप्फुसांची ती जी हानी करेल, तिच्यापुढे आतड्याला मिळणारा आराम कवडीमोल आहे. आतड्यासाठी औषधं आहेत.

आता स्टेरॉइड. तुझ्या पत्रात तीनदा लिहिलंयस, “स्टेरॉइड वाईट ना?”

प्रेडनिसोलोनसारखी गोळी या आजारात पेटलेली सूज झपाट्याने खाली आणते. १९५५ साली इंग्लंडमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी या रुग्णांवर करून दाखवली. त्याआधी जोरात आलेल्या झटक्यात माणसं हातची जात होती. पण ही गोळी फेरीबोटीसारखी आहे. ती पलीकडच्या काठाला नेऊन सोडते, तिच्यावर कुणी बिऱ्हाड करत नाही. दोन-तीन महिन्यांत ती पायरी-पायरीने कमी करत बंद करायची असते. उतारवयात दोन्ही बाजूंनी चूक होते. काही जण भीतीने ती मध्येच टाकून देतात. काही जण बरं वाटतं म्हणून वर्षभर चालू ठेवतात, कधी डॉक्टरकडे न जाता जुन्याच चिठ्ठीवर फार्मसीतून आणून. दुसरी चूक मला जास्त घाबरवते. त्यातून हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, साधा जंतुसंसर्गही अंगावर बसतो.

आणि मध्येच टाकून देणं का नको, तर तीन आठवडे गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावतं. एकदम बंद केली तर माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो, चक्कर येऊन कोसळू शकतो. कमी करण्याचा तक्ता डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घे आणि कॅलेंडरवर तारीखवार मांडून भिंतीला लाव. हे काम बाबांनाच दे. आयुष्यभर वेळापत्रक लावलेला माणूस आहे.

मधुमेहाबद्दल एक बारीक गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड साखर वाढवतं ते दुपारी आणि संध्याकाळी. तुम्ही उपाशीपोटीची साखर बघून ‘ठीक आहे’ म्हणाल आणि जेवणानंतर ती तीनशेवर असेल. घरी यंत्र असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री जेवायच्या आधी बघा, वहीत लिहा, आकडे डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या औषधात तात्पुरता बदल लागू शकतो. स्टेरॉइडची गोळी सकाळीच, काही खाल्ल्यावर घ्यायची, नाहीतर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलंय का ते विचार. मूड चिडका होतो, तोही गोळीचाच परिणाम असू शकतो. मान फिरवणं सगळंच तुझ्यावरचं नसेल.

मेसालामाइनचं वेगळं आहे. स्टेरॉइड जाईल, ही राहील, बहुधा बरीच वर्षं. तिचं मूळ स्वीडनच्या नाना स्वार्त्झ या डॉक्टरबाईंनी संधिवातासाठी बनवून घेतलेल्या औषधात आहे. सांध्यांसाठी दिलं आणि रुग्णांची आतडी बरी झाली. सौम्य औषध आहे, सत्तरीतल्या माणसाला मानवतं. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, तिचं आवरण आतड्यात गेल्यावर विरघळण्यासाठीच केलेलं असतं. मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून करावी लागते. मधुमेह आहे म्हणून तर नक्कीच.

रक्त थांबलं म्हणजे खपली धरली, इतकंच. खाली अस्तर अजून कच्चं असतं. गोळ्या सोडल्या तर कदाचित पंधरा दिवस काही होणार नाही, आणि मग चवथीच्या गर्दीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, सगळं पुन्हा सुरू होईल. अस्तर खरंच भरून आलं का हे बघायला दर वेळी दुर्बीण लागत नाही. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, तिच्यावरून आतली सूज कळते. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचार.

आता तो एनिमा. मला वाटतं, तुझ्या घरातली खरी गाठ इथे आहे.

आजार डाव्या भागात आणि गुदाशयात आहे. तिथे औषध खालून थेट पोहोचतं, आणि गोळी व एनिमा दोन्ही मिळून नुसत्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. शिवाय खालून दिलेलं औषध अंगात फारसं भिनत नाही. आधीच पाच गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याहून सोयीचं काय? पण ज्याने चाळीस वर्षं वर्गात छडी न उगारता पोरांना गप्प बसवलं, त्याला कुशीवर झोपून हे करून घेणं म्हणजे मरण वाटतं. त्यांच्या लाजेला मी नावं ठेवणार नाही. फक्त हे काम तुझं नाही. तुझ्या नवऱ्याचं आहे. आणि शक्य तितकं बाबांचं स्वतःचं. बहुतेक माणसं चार-पाच दिवसांत स्वतःच करायला शिकतात.

रात्री झोपायच्या आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली कोमट पाण्यात थोडी धरायची, गार औषध आत गेलं की कळ येते. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाकडे घेऊन झोपायचं, नळीच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं, हळू दाबायचं. मग तसंच पडून राहायचं. खाली जुनी चादर आणि प्लास्टिक अंथरलं की ‘गादी खराब होईल’ ही धास्ती जाते. पहिल्या रात्री दहा मिनिटंच राहिलं तरी चालेल. उतारवयात तिथले स्नायू सैल झालेले असतात, औषध धरून ठेवता येत नाही, आणि अनेक जण त्या शरमेनेच ते सोडून देतात, कारण मात्र सांगत नाहीत. बाबांचं तसं असेल तर सपोझिटरी (खालून आत ठेवायची गोळी) किंवा फेस येणारं औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. सपोझिटरी आत ठेवणं कितीतरी सोपं. ती गुदाशयापुरतीच पोहोचते, पण काहीच न घेण्यापेक्षा बरं.

घरात कुणाचे गुडघे दुखत नाहीत? बाबांचेही दुखत असतील. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या हा आजार पुन्हा भडकवू शकतात. पॅरासिटामोल चालतं, डॉक्टर सांगतील तेवढं. गाड्यावरून आणलेली ‘अंगदुखीची गोळी’ नेमकी कसली आहे ते पाकिटावर वाचल्याशिवाय देऊ नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही. सूज जोरात असताना ती दिली तर आतडं फुगून बसतं आणि जिवावर बेततं. कुड्याचा काढा आपल्याकडे आमांशावर पिढ्यान्‌पिढ्या देतात, मी त्याचा अनादर करत नाही. पण आता निदान झालं आहे, त्यात काढ्याची भर घालू नका, आणि आधी दिला होता हे डॉक्टरांपासून लपवूही नका.

जेवणाचं थोडक्यात. सध्या उकड्या तांदळाची मऊ पेज, मऊ भात, कमी मिरचीचं हुमण, अंडं, ताक पचत असेल तर ताक. मासळी बंद करू नका. नऊ किलो वजन गेलेल्या माणसाला प्रथिनं हवीत, आणि नुसत्या पेजेने साखर वाढते, अंगावर मांस येत नाही. बांगडा, तारले, मुडदुशे, जे ताजं मिळेल ते, फक्त सुक्या मासळीची झणझणीत किसमूर थोडे दिवस लांब. कच्ची कोशिंबीर, फणसाचे गरे, सालासकट कडधान्यं आत्ता नकोत. आजार शांत झाला की एकेक पदार्थ परत आणायचा. आयुष्यभराचं पथ्य नाही. चवथीचं खतखतें त्यांना खाता यायला हवं आणि बहुधा येईल. रक्त कमी झालंय म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, त्या पोटाला झेपत नसतील तर शिरेतून लोह देता येतं.

तुमचं संडास घरात आहे की मागच्या अंगणात? तू लिहिलं नाहीस. आपल्या जुन्या घरांत ते मागे असतं, आणि जूनच्या पावसात रात्री दोन वाजता शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घाईने जाणारा म्हातारा माणूस, त्यात स्टेरॉइडने पोकळ होत चाललेली हाडं. मी असे मोडलेले खुबे पाहिले आहेत, आणि त्यातल्या काहींना आतड्याच्या आजाराने जे केलं नसतं ते त्या एका पडण्याने केलं. वाटेवर दिवा लावा, रात्रभर. शेवाळ ब्रशने घासून काढा. भिंतीला धरायला दांडी बसवा. तोवर खोलीत कमोडची खुर्ची ठेवा. बाबा नको म्हणतील, तरी ठेवा, वर टॉवेल टाकून. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा शिवून घ्या. घाईच्या वेळी नाडीची गाठ सुटत नाही, याच एका भीतीने माणसं घराबाहेर पडायची बंद होतात, आणि हे ती कुणाला सांगत नाहीत.

धोक्याच्या खुणा फ्रीजवर लिहून ठेव. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत १०० च्या वर ताप किंवा नाडी ९० च्या पुढे असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. ट्रूलव्ह-विट्सनी घातलेली ही मोजमापं आजही डॉक्टर खाटेपाशी उभं राहून वापरतात. पण बाबांच्या बाबतीत एक सावधपण हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, आणि स्टेरॉइडखाली ताप व पोटदुखी दबून राहते. म्हणून ते नुसते मलूल दिसले, पोट फुगलं, जुलाब अचानक थांबले, लघवी कमी झाली, बोलण्यात घोळ वाटला, तरी निघा. एक पाय सुजून दुखायला लागला किंवा दम लागला तरीही, कारण या आजाराच्या भरात रक्ताच्या गाठी होतात. आणि जुलाब जोरात असतील त्या दिवशी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आत्ताच विचारून ठेव. कोरड्या पडलेल्या अंगात त्याच गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोहोचायला किती वेळ लागतो, रात्री गाडी कुणाची, १०८ ला फोन कोण करणार, हेही ठरलेलं असू दे. सरकारी आरोग्यविम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड कुठे आहे आणि चालू आहे का, तेही बघ.

पुन्हा कधी जुलाब सुरू झाले तर लगेच स्टेरॉइड वाढवायची नसते. आधी शौचाची तपासणी करायची. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर सी-डिफ नावाचा जंतू आतड्यात माजू शकतो, लक्षणं हुबेहूब या आजाराची, उपचार मात्र वेगळा.

स्टेरॉइड कमी करताच आजार परत डोकं वर काढू लागला, तर पुढच्या औषधांची गोष्ट निघेल. त्या वेळी गोंधळू नये म्हणून एवढं लक्षात ठेव. अ‍ॅझाथायोप्रिन स्वस्त आहे, पण उतारवयात तिने लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि आपल्या भारतीय लोकांत काहींच्या पांढऱ्या पेशी तिने एकदम खाली येतात, त्यासाठी सुरू करण्याआधी जनुकाची तपासणी करता येते. टोफासिटिनिबच्या गोळ्या ६५ च्या पुढे हृदयविकार आणि रक्ताच्या गाठींच्या भीतीने जपून देतात. व्हेडोलिझुमॅब हे शिरेतून देण्याचं औषध मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं म्हणून वयस्करांना बरं मानतात, पण महाग आहे. यातलं कुठलंही द्यायच्या आधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी तपासून घेतात. डॉक्टरांनी बाबांचं वय बघून निर्णय घेऊ नये, त्यांची ताकद बघून घ्यावा: चालतात किती, स्वतःचं स्वतः करतात का, आणखी कोणते आजार आहेत. हे तू मोकळेपणाने बोलू शकतेस. आणि लशी. फ्लूची दर वर्षी, न्यूमोनियाची, आणि नागिणीची जी जिवंत विषाणूची नाही ती. कधी घ्यायच्या ते याच भेटीत विचार.

“या वयात आता कशाला?” याला तू उत्तर देऊ नकोस. तुझ्या नवऱ्याने रात्री त्यांच्या खाटेवर बसून विचारावं, “बाबा, सगळ्यात जास्त अडतंय कशानं?” आणि मग गप्प राहावं. माझा भाऊ बऱ्याच वेळाने म्हणाला होता, “देवळात बसलो असताना कपडे खराब झाले तर?” सात महिने त्याने बस सोडली, लग्नं सोडली, जेवण सोडलं, ते या एका वाक्यापायी. त्यावर उपाय होते, आणि तुमच्याकडेही आहेत. भजनात कडेला, दाराजवळ बसायचं. अग्रशाळेतलं, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतलं, संडास कुठे आहे ते आदल्या दिवशी पाहून यायचं. पिशवीत एक जोड कपडे. झांज वाजवणाऱ्या एखाद्या जुन्या मित्राला खरं काय ते सांगून ठेवायचं, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणीतरी सावरून घेईल. पहिल्या दिवशी दोनच अभंग.

श्रावणाला अजून दीड-दोन महिने आहेत. तक्ता नीट पाळला तर तोवर स्टेरॉइड बरीच खाली आलेली असेल. आणि बाय, पखवाज माळ्यावर ठेवू नका. या पावसात चामड्याला बुरशी धरते. काही न बोलता तो खाली काढ, खोळ सोडव आणि त्यांच्या खाटेजवळ कोरड्या जागी ठेव.